माळ्यावरची माणसं

मामा हा कोणाचाच सख्खा मामा नव्हता. त्याला बहीणच नव्हती, तर भाचरं कुठून येणार? पण दलदलीच्या काठावरच्या त्या बैठ्या इमारतीतल्या संस्थेत पक्ष्यांवर, बेडकांवर, वटवाघळांवर आणि पतंगांवर काम करणारी जी मंडळी होती, ती सगळी त्याला मामा म्हणत आणि मामाकडून करून घ्यायचे असतात तेवढे लाड हक्काने करून घेत. संस्थेचा एकुलता एक मोठा सर्व्हर त्याच्या ताब्यात होता. कोणाला जास्त जागा हवी असो, कोणी पासवर्ड विसरलेलं असो, कोणाला नुसतंच रडगाणं गायचं असो, मामाचं दार उघडंच. त्याने कोणाला कधी नाही म्हटल्याचं ऐकिवात नव्हतं.

त्याची बायको संस्थेचं ग्रंथालय सांभाळायची, त्यामुळे ती आपोआप मामी झाली. स्वभावाने मात्र ती नवऱ्याच्या अगदी उलट. कोणी संस्था सोडून निघालं की मामी त्याच संध्याकाळी त्याचं कार्ड रद्द करायची, त्याच्याकडची पुस्तकं परत घ्यायची, आणि मग त्याच्या गळ्यात पडून मनापासून रडायची. "आधी पुस्तकं, मग रडणं," असं ती म्हणे. यात लोकांना हसण्यासारखं काय वाटतं हे तिला कधीच कळलं नाही.

तर ही गोष्ट काकू निवृत्त झाल्या त्या आठवड्यातली आहे. काकू म्हणजे पक्ष्यांच्या काकू. उभी हयात त्यांनी त्या दलदलीत काढली होती. तिथे पूर्वी एक करडा, लाजाळू पक्षी असे. दिसायचा म्हणून नाहीच, अंधार पडला की नुसता ऐकू यायचा, दोन गारगोट्या एकमेकींवर आपटल्यासारखा. संस्थेत त्याला सगळे टकटक्या म्हणत. मग एका वर्षी तो ऐकू आला नाही, पुढच्या वर्षीही नाही, आणि मोठमोठ्या मंडळींनी सभा भरवून टकटक्या इथून कायमचा गेला असं जाहीर करून टाकलं. काकू तेवढ्या एकट्या मान डोलवायला तयार नव्हत्या.

"ऐकू आला नाही म्हणजे नाहीच, असं कसं?" त्या म्हणायच्या. "ऐकणारे झोपले असतील!"

निवृत्ती जवळ आली तशी त्यांनी शेवटची खटपट मांडली. संस्थेत इतक्या वर्षांत जमलेली सगळी रेकॉर्डिंग त्यांनी एका प्रोग्रामच्या पोटात घातली. त्यातला प्रत्येक आवाज दुसऱ्या प्रत्येक आवाजाशी ताडून टकटक्या कुठे लपलाय का ते त्याने शोधायचं. पक्ष्यांची रेकॉर्डिंग होतीच, पण किड्यांची, वटवाघळांची, अगदी बेडकांचीसुद्धा त्यांनी आत ओतली. लोक हसले. काकूंनी मनावर घेतलं नाही. "अरे, आपल्याला बेडकांसाठी लावलंय हे त्या मायक्रोफोनला कुठे ठाऊक असतं?" असं म्हणून त्यांनी मामाच्या मदतीने ते गाडं सुरू करून दिलं.

गाडं कित्येक आठवडे चालू होतं. त्याची एकच खोड होती. सगळं काही ते मेमरीत धरून बसायचं आणि जे काय सांगायचं ते अगदी शेवटी सांगणार होतं. मध्येच बंद पडलं तर सगळं मुसळ केरात, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. अंदाज असा होता की शुक्रवारी दुपारपर्यंत उत्तर येईल. आणि शुक्रवारी संध्याकाळी काकूंनी खोलीची किल्ली परत द्यायची होती. मामाने त्यांना शब्द दिला होता, "काकू, उत्तर हातात घेऊनच घरी जाल तुम्ही."

आता मेमरी म्हणजे काय ते थोडं सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मामाने ते मामीला सांगितलं होतं तसंच सांगते. स्वयंपाकघराचा ओटा म्हणजे मेमरी. हात पोचेल तिथे सगळं, काम झरझर होतं, पण जागा बेताची. ओटा भरला की यंत्र काय करतं? ज्याला बराच वेळ कोणी हात लावलेला नाही असं सामान उचलून माळ्यावर टाकतं. तो माळा म्हणजे स्वॅप, डिस्कवरची राखून ठेवलेली जागा. तिथून काही हवं असलं तर शिडी लावून चढावं लागतं, वेळ जातो, पण ओट्यावर जागा होते. आणि ओटाही भरला, माळाही भरला, तर? तर यंत्राच्या गाभ्यात एक जल्लाद बसलेला असतो. तो सगळ्यांकडे नजर टाकतो, ज्याने सगळ्यात जास्त जागा अडवलीय असा एक प्रोग्राम निवडतो, आणि त्याला जागच्या जागी मारून टाकतो. यंत्राचा जीव वाचवायचा तर दुसरा इलाज नसतो.

मामी तेव्हा म्हणाली होती, "म्हणजे आपल्या घरात मी आहे, तसा."

"तू सामान टाकतेस. तो माणसं टाकतो," मामा म्हणाला होता, आणि त्यांच्या घरच्या माळ्याकडे बघून गप्प बसला होता, कारण त्या माळ्याची फळी तेव्हा बरीच खाली झुकली होती.

पण जल्लादापासून वाचवायची एक सोय असते. एखाद्या प्रोग्रामच्या नावापुढे उणे हजार असा आकडा लिहिला की जल्लाद त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. मामाने हा आकडा सगळ्यात आधी काकूंना दिला, त्यांच्या नुसत्या प्रोग्रामला नव्हे, तर त्या लॉगिन होऊन बसल्या होत्या त्या अख्ख्या सेशनला, म्हणजे त्यांच्या पडद्यावरच्या खिडकीला. बातमी फुटायला वेळ लागत नाही. दुसऱ्या दिवशी वटवाघूळवाली दारात उभी. वटवाघळांच्या किंकाळ्या मोजणारी ही तरुण बाई गोड बोलण्यात पटाईत होती. "मामा, माझंही तेवढं सांभाळा ना." मग किडेवाला आला. मग पाण्याचे नमुने तपासणारी आली. मामा प्रत्येकाला उणे हजार देत गेला. सगळ्यांनी मिळून मामाला मामा बनवलं म्हणा ना. आणि त्याने आणखी कोणाकोणाला न मागता तो आकडा देऊन ठेवला होता, हे मात्र त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी पहिल्यांदा प्रिंटर बंद पडला. मामाने चहाचा कप खाली ठेवेपर्यंत दाराचं कार्ड चालेना, आणि किडेवाला बाहेर व्हरांड्यात अडकून काचेवर टिचक्या मारायला लागला. मग टपाल थांबलं. मग भिंतीवरचं घड्याळ मागे पडायला लागलं, कारण त्याला वेळ सांगणारा चिमुकला प्रोग्रामही गेला होता. मामाने आपल्या खोलीतून सर्व्हरवर लॉगिन केलं. आत गेला, आणि एक अक्षर टाइप करायच्या आत बाहेर फेकला गेला. पुन्हा गेला, पुन्हा बाहेर. यंत्राच्या खोलीत जाऊन तिथल्या कीबोर्डवर बसला, तिथेही तेच. डिस्क मात्र आतमध्ये करकर करकर वाजत होती, सामान वर चढवत होती, खाली उतरवत होती, आणि त्या वरखाली करण्यातच तिचा सगळा वेळ चालला होता.

काय झालंय ते मामाला कळलं होतं. ओटा भरला होता, माळाही काठोकाठ भरला होता, जल्लाद उठला होता, आणि त्याला दिसत होतं की जे धष्टपुष्ट आहेत त्या सगळ्यांच्या गळ्यात उणे हजार. हात लावायला उरली होती ती फक्त बारकीसारकी गरीब मंडळी, ज्यांच्यासाठी रदबदली करायला मामाकडे कोणी आलंच नव्हतं. प्रिंटर, दार, टपाल, घड्याळ. आणि खुद्द मामा. त्याने साऱ्या गावाला अभय दिलं होतं, स्वतःला द्यायचं तेवढं राहून गेलं होतं. ही बारकी मंडळी संपली आणि मारायला कोणीच उरलं नाही की यंत्र हात टेकतं आणि अख्खंच कोसळतं. काकूंच्या उत्तरासकट.

तो धावत काकूंच्या खोलीत गेला. खोलीत खोकी भरायचं काम चालू होतं. दुर्बिणी, दोऱ्यांची रिळं, चिखलाने कायमचे तपकिरी झालेले हातमोजे. काकू खुर्चीवर उभ्या राहून वरच्या कपाटातून पिसांचे डबे काढत होत्या.

"काकू, उतरा खाली. तुमची खुर्ची पाहिजे."

"माझी? तुझ्याकडे चांगली आहे की फिरणारी."

"फिरणारी असून काय करू, मला आतच येऊ देत नाहीये! फक्त तुमची खिडकी जिवंत आहे."

खरंच तसं होतं. काकूंचं सेशन सगळ्यात आधी संरक्षित झालेलं, आणि त्यातून जे काही सुरू होईल त्याला तेच अभय वारशाने मिळत होतं. मामा त्यांच्या खुर्चीवर बसला, त्यांच्या खिडकीत आपला मुख्य पासवर्ड टाकला आणि वाट बघत राहिला. एकेक अक्षर उमटायला इतका वेळ लागत होता की तेवढ्यात काकूंचा एक डबा भरून व्हायचा. पण या वेळी त्याला कोणी बाहेर फेकलं नाही.

तोवर दारात गर्दी जमली होती. मामाने काय झालं ते दोन वाक्यांत सांगितलं. माळा आणखी वाढवता येणार नाही, हेही सांगितलं. याआधी दोनदा त्याने तो वाढवला होता, आता डिस्कवर कणभर जागा नव्हती, सगळीकडे रेकॉर्डिंग, आणि नवी डिस्क खरेदी विभागाच्या कृपेची वाट बघत होती. कोणाला तरी उठावं लागणार होतं. एवढं बोलून मामा खाली मान घालून बसला, कारण पुढचं वाक्य त्याला बोलता येत नव्हतं.

"माझं बंद करा, मामा," वटवाघूळवाली म्हणाली. "मी जिथे थांबेन तिथून पुढे चालू करू शकते. माझी वटवाघळं काही पळून जात नाहीत."

मामाने तिच्याकडे असं बघितलं की तिलाच लाजल्यासारखं झालं. त्याने तिचा प्रोग्राम थांबवला. डिस्कची करकर जराशी कमी झाली, अक्षरं पटपट उमटायला लागली.

"झालं ना मग?" काकूंनी विचारलं.

"श्वास घेण्यापुरतं झालं. तुमचा प्रोग्राम शेवटच्या टप्प्यात आलाय, तो फुगत जाणार. संध्याकाळपर्यंत ही जागाही खाऊन टाकेल. माळा रिकामा व्हायला हवा."

"मग माळ्यावर कोण आहे ते बघ की!"

मामाची बोटं थांबली. एवढ्यात मामी आत आली. ग्रंथालयाचं दार कार्डाने उघडेना म्हणून ती खिडकीतून बाहेर पडून आली होती आणि त्या रागात होती. तिने नवऱ्याचा चेहरा बघितला आणि राग गिळून त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. मामाने शेवटी ती आज्ञा दिली. माळ्यावर कोणाचं किती सामान आहे ते यंत्र एकेका ओळीत सांगायला लागलं.

काकू चष्मा सावरत वाचायला लागल्या. पहिलं नाव जुन्या साहेबांचं. साहेब निवृत्त होऊन डोंगरातल्या आपल्या घरी राहायला गेल्याला जमाना झाला होता. दुसरं पतंगवालीचं, ती दूरच्या देशात नोकरीला गेली होती आणि आता तिला दोन मुलं होती. मग नकाशे काढणारे तात्या. मग एका हंगामापुरता आलेला, सतत शिंकणारा विद्यार्थी. प्रत्येकाने आपापला प्रोग्राम, आपापले आकडे, आपापलं अर्धं काम उघडं टाकून संस्था सोडली होती, आणि ते सगळं तसंच्या तसं उघडं होतं. यंत्र इतक्या वर्षांत एकदाही बंद केलेलं नव्हतं. कोणी हात लावत नाही म्हणून यंत्राने त्यांना हळूहळू उचलून माळ्यावर नेऊन ठेवलं होतं. आणि प्रत्येकाच्या नावापुढे उणे हजार.

यादीच्या मध्यावर काकूंचा आवाज थांबला. तिथे बेडूकरावांचं नाव होतं.

बेडूकराव काकूंबरोबर अर्धं आयुष्य दलदलीत फिरले होते. काकू वर झाडांत बघायच्या, ते खाली पाण्यात. दोघं इतकं भांडायचे की बेडूकसुद्धा गप्प व्हायचे, असं लोक म्हणत. एका हिवाळ्यात आजारी पडले आणि त्यातच गेले. त्यांची खोली रिकामी झाली, तिथे आता पाण्याचे नमुने ठेवत.

"अरे मामा," काकू हळू आवाजात म्हणाल्या, "हे सगळे अजून इथेच आहेत होय?"

मामाने मान वर केली नाही. "रोज सकाळी मी यंत्राला विचारतो, कोण कोण हजर आहे. सगळ्यांची नावं येतात. बंद करायचं म्हणजे..." तो अडखळला. "बंद करायचं म्हणजे मलाच एक कळ दाबून सांगावं लागणार, की हा माणूस आता नाही. माझ्याच्याने नाही झालं."

वटवाघूळवाली नाक पुसत खिडकीबाहेर बघायला लागली. मामीने नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तिचा आवाज आला तो ग्रंथालयातला आवाज नव्हता.

"अहो, जपून ठेवणं वेगळं आणि उघडं ठेवणं वेगळं. या सगळ्यांचं लिहिलेलं माझ्याकडे कपाटात आहे. मी त्याला वाळवी लागू देत नाही, धूळ बसू देत नाही. पण टेबलावर उघडं नाही ठेवलेलं. ठेवलं असतं तर नव्या पोरांनी बसायचं कुठे?"

मामाने डोळे पुसले. मग त्याने खुर्ची पुढे ओढली.

तरी एक पेच होताच. प्रोग्राम बंद करायचे दोन मार्ग असतात. एक सभ्य. त्याला खूण करायची, की बाबा, पलीकडच्याने फोन ठेवलाय, आवर तुझं. मग तो अर्धवट लिहिलेलं डिस्कवर नीट ठेवतो आणि उठतो. दुसरा मार्ग नऊ नंबरचा, म्हणजे मानगूट धरून बाहेर. मामाला अर्थातच सगळ्यांना सभ्यपणे निरोप द्यायचा होता. पण सभ्य निरोप घ्यायचा तर त्या प्रोग्रामला आधी माळ्यावरून खाली ओट्यावर यावं लागतं, आणि ओट्यावर जागा कुठे होती? सगळ्यांना एकदम बोलावलं असतं तर त्या निरोपाच्या गर्दीतच यंत्र कोसळलं असतं. नऊ नंबरवाल्याला खाली यावं लागत नाही, तो आहे तिथूनच जातो.

"ज्यांचं काही जतन करायचं राहिलेलं नाही त्यांना आधी घालव," काकू म्हणाल्या. "साहेबांचं सगळं छापून झालंय. मीच तपासलंय ते. शेकडो चुका होत्या."

मग सुरू झालं. काकू नाव वाचायच्या, कोणाचं काय राहिलंय ते आठवून सांगायच्या, आणि मामा नऊ नंबर टाइप करायचा. प्रत्येक वेळी तो आधी पुटपुटायचा, "या हं, साहेब," "नीट जा गं बाई." वटवाघूळवालीने पतंगवालीला फोनवर निरोप पाठवून विचारलं, तिचं उत्तर आलं की, अगं बाई, मी अजून आत आहे? टाका बंद करून, आणि मामांना सांगा मी त्यांना विसरले नाहीये. शिंकणाऱ्या विद्यार्थ्याचं नाव आलं तेव्हा कोणाला तरी खरंच शिंक आली आणि सगळे हसले. माळ्यावरची जागा मोकळी होत गेली. डिस्कची करकर थांबून थांबून यायला लागली, मग आलीच नाही.

शेवटी एकच नाव उरलं. आता जागा भरपूर होती.

"यांना सभ्यपणे," मामा म्हणाला.

त्याने खूण केली. माळ्यावरून बेडूकराव खाली यायला वेळ लागला. मग त्यांच्या लिहायच्या प्रोग्रामने उघडं असलेलं अर्धं पान डिस्कवर ठेवलं आणि नाव यादीतून गेलं. मामाने ते पान उघडलं. सगळे वाकून बघायला लागले. भांडारपालाला लिहिलेला अर्ज होता तो. "विषय: गमबूट. माझे गमबूट दोन्ही पायांत गळतात. कृपया नवे मिळावेत. माप नऊ. याआधीही कळवले होते, पण आपण" आणि तिथेच थांबलेला.

काकू आधी हसल्या. मग खोक्यावर बसल्या आणि रडल्या. "गळकेच घालून फिरला तो शेवटपर्यंत," त्या म्हणाल्या. "पचक पचक करत. किती ओरडायचे मी त्याला, की पक्षी उडतात रे तुझ्या पायांनी!" मामीने त्यांना पाणी दिलं आणि स्वतःही त्यातलंच थोडं प्यायलं.

मामाने एकेकाच्या नावापुढचा उणे हजार काढून टाकला. किडेवाल्याचा, पाणीवालीचा. प्रिंटर सुरू केला, दार सुरू केलं, घड्याळाला वेळ दाखवली. काकू डोळे पुसून म्हणाल्या, "माझाही काढ. सगळ्यांना एक न्याय."

"नाही," मामा म्हणाला.

मामीने भुवया उंचावून नवऱ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांच्या संसारात हा शब्द तिने त्याच्या तोंडून ऐकला नव्हता.

"उद्या संध्याकाळपर्यंत नाही," मामा म्हणाला. "मग बघू."

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीआधी प्रोग्राम संपला. टकटक्या ऐकू येईनासा झाल्यानंतरची बाकी सगळी रेकॉर्डिंग कोरी. जुळलेला आवाज एकाच ठिकाणी होता, टकटक्या गेला असं जाहीर झालं त्यानंतरच्या वसंतातल्या एका बेडकांच्या रेकॉर्डिंगमध्ये. मामाने ते लावलं. आधी बेडकांचा कल्लोळ. मग मायक्रोफोन लावून परत फिरणाऱ्या माणसाची पावलं, पचक, पचक, पचक, लांब जाणारी. मग बेडूक एकाएकी गप्प झाले, आणि त्या शांततेत दोन गारगोट्या वाजल्या. थांबून पुन्हा वाजल्या.

काकूंनी ते तीनदा ऐकलं. "बघ," त्या म्हणाल्या, कोणाला ते कळलं नाही. "होता. सगळे सभा भरवून बसले होते आणि तो होता." मग त्यांना हसू आलं. "आणि सापडला कोणाच्या टेपवर, तर त्या भांडखोराच्या."

"ती जागा मला माहितेय, काकू," वटवाघूळवाली म्हणाली. "या हंगामात मी तिथे मायक्रोफोन लावते. वटवाघळांसाठी लावते, पण त्याला कुठे ठाऊक असतं?"

काकूंनी तिच्या पाठीवर धपाटा घातला.

संध्याकाळी खोली रिकामी झाली. मामीने काकूंचं कार्ड रद्द केलं, पुस्तकं परत घेतली, आणि ठरल्याप्रमाणे रडली. शेवटी टेबलावर फक्त स्क्रीन उरला, त्यात काकूंची खिडकी. काकू खुर्चीत बसल्या, हात कीबोर्डवर ठेवला, आणि तसाच ठेवून मामाकडे बघितलं.

"मामा, हे बंद कसं करतात रे? मी कधी केलंच नाही."

मामाला क्षणभर वाटलं की सांगूच नये. मग तो म्हणाला, "एक्झिट लिहायचं. एवढंच."

काकूंनी एकेक अक्षर शोधून लिहिलं आणि कळ दाबली. खिडकी मिटली नाही. एक ओळ आली.

"हे काय म्हणतंय?"

"म्हणतंय की अजून काही कामं अर्धवट राहिलीत."

"ती कोणाची राहत नाहीत?" काकू चिडल्या. "मग आता?"

"परत एकदा लिहा, काकू. दुसऱ्यांदा ते ऐकतं."

काकूंनी दुसऱ्यांदा लिहिलं. या वेळी अक्षरं शोधावी लागली नाहीत. खिडकी मिटली आणि तिच्या जागी लॉगिनची रिकामी चौकट आली. मामाने सवयीने यंत्राला विचारायला हात पुढे केला, की कोण कोण हजर आहे, आणि मग हात मागे घेतला. त्याने काकूंची जड पिशवी उचलली, त्यात दुर्बिणी खडखडल्या, आणि तिघं बोलत बोलत फाटकापर्यंत चालत गेली.